भाराची चांदी आणि बर्गनचा चमचा

आमच्या विदर्भातल्या वणीत चांदी फार लवकर काळी पडायची. पुण्याकडच्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना वाटे, आम्ही घासायचा कंटाळा करतो. पण गावाभोवती कोळशाच्या खाणी, रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि आमच्या लहानपणी घरोघरी शेगडीत दगडी कोळसाच. त्या धुरातलं गंधक चांदीवर बसायचं. महालक्ष्म्यांसाठी घासलेलं निरांजन दसऱ्याला पिवळसर दिसे, दिवाळीला तपकिरी, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला डबा उघडावा तर करंडा पार कोळशाच्या वळणावर गेलेला.

हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, चांदी आणि गंधक यांचं संयुग आहे, हे आम्ही शाळेत शिकलो. आईला ते न शिकताच ठाऊक होतं. कांद्याच्या टोपलीजवळ ती चांदी ठेवत नसे. चमच्यांच्या जुडीला कोणी रबरबँड लावला तर ओरडा बसे. लोकरीत गुंडाळायची नाही, जुन्या धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळायची. आमचे एक काका मागच्या अंगणात चोरून ऑम्लेट करून खायचे. त्यांना घरात सगळं माफ होतं, फक्त चांदीचा चमचा मिळायचा नाही.

उजळायची सोयही गावाजवळच होती. राजूरच्या भट्ट्यांचा चुना दिवाळीआधी भिंतींना पांढरी द्यायला पोत्यानं यायचा. पांढरी देऊन झाली की पिंपाच्या काठाला वाळून बसलेले चुन्याचे पापुद्रे आई खरवडून एका बरणीत ठेवी आणि पुढच्या साली वापरी. ताजा चुना हाताला खातो. हवेत राहून मेलेला चुना म्हणजे नुसता मऊ खडू. तो कुटायचा, मलमलीतून दोनदा गाळायचा, ओल्या कापडाच्या बोळ्यावर घेऊन हलक्या हातानं फिरवायचा. मग रिठ्याच्या कोमट पाण्यातून काढून लगेच कोरडं करायचं. काळी करायला राजूरचा कोळसा, पांढरी करायला राजूरचाच चुना. यात गंमत आहे हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. आम्हा पोरांना एवढंच कळायचं की हात दुखतात आणि शेवटी एक लाडू मिळतो.

त्या अंगणात बसून चांदी घासणारी आमची पिढी आता साठी-सत्तरीत आली. आई गेली किंवा थकली. भावंडं नागपूर, पुणे, कोणी त्याहून लांब. वाड्याच्या जागी इमारती उभ्या राहतायत आणि डालड्याच्या जुन्या डब्यातली चांदी सतरंजीवर ओतून वाटे करायची वेळ घरोघरी आली आहे. त्यात चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेला. तेव्हापासून प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, ‘मोडून टाकू आणि पैशाचे सारखे वाटे करू.’ हिशेब सोपा होतो, भांडण होत नाही. माझं म्हणणं इतकंच की मोडण्याआधी ती चांदी एकदा वाचावी. आमच्या आयांच्या चांदीवर पुष्कळ काही लिहिलेलं असतं, आणि ते सराफाच्या काट्यावर चढत नाही.

आमच्याकडे चांदी भारात मोजायचे. चाळीस भाराचे तोडे, पाच भाराची वाटी. भार म्हणजे रुपयाभार: राणीछाप रुपयाचं वजन एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. हल्ली सराफ भार म्हणताना दहा ग्रॅम धरतात. त्यामुळे आजीनं सांगितलेला भार आणि आजचा काटा जुळत नाही, आणि ‘सोनारानं चांदी खाल्ली’ असा संशय पिढ्यान् पिढ्या चालतो. बिचाऱ्या सोनारांवरचे निम्मे आळ या फरकातून आले असावेत. उरलेल्या निम्म्यांबद्दल मी काही बोलत नाही.

चांदी घरात यायची ती कापसाच्या हंगामात. कापूस विकला, चुकारा हातात आला की आधी उधारी, मग बी-बियाण्याची सोय, मग लुगडी, आणि त्यातून काही उरलंच तर चांदी. सोनं पुढच्या साली. १९७२ पासून सरकारची एकाधिकार खरेदी आली, चुकारा हप्त्यानं मिळू लागला आणि चांदीही हप्त्यानं यायला लागली: यंदा वाटी, पुढल्या वर्षी चमचा. म्हणून आमच्या डब्यात एकाच नक्षीचं ताट-वाटी-भांडं क्वचितच सापडतं. शहरातल्या सुनांना ते विजोड दिसतं. मला त्यात कोणत्या साली पाऊस बरा झाला होता ते दिसतं.

त्याआधीच्या पिढीनं वेगळी वाट धरली होती. आजीच्या काळात रुपयाच चांदीचा होता. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे आजच्या भाषेत शेकडा ९१.६७. चांदी विकत घ्यायला लागतच नसे; रुपये साठवायचे, सोनाराच्या पुढ्यात मोजून ठेवायचे आणि तेवढ्याच भाराचं भांडं आणायचं, मजुरी वेगळी. ज्यांना भांडं नको असे त्या रुपयांना कडी लावून गळ्यात माळ घालत. अशी माळ डब्यात असेल तर ती उलटसुलट करून पाहा. राणीच्या नावापुढे ‘क्वीन’ असेल तर रुपया १८७६ पर्यंतचा, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासूनचा. आमच्या माळेत एक १८८०चा आहे. कोणत्याही वणीकराला तो दाखवला की तो लगेच सांगतो, हे तर लोकनायक बापूजी अण्यांच्या जन्माचं साल. बापूजींचा जन्म वणीचाच, त्यामुळे त्या एका रुपयाला आमच्या घरात बाकीच्यांपेक्षा जास्त मान आहे, वजन तेवढंच असून.

माळेत सहाव्या जॉर्जचे रुपये असतील तर सावध. महायुद्धात १९४० पासून सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४७चा रुपया तर निकेलचा निघाला. आमच्या आजीला सरकारी पत्रक वाचता येत नव्हतं. ती रुपया ओट्याच्या दगडावर टाकून ऐकायची. जुना रुपया बराच वेळ वाजत राहतो, चाळीस सालानंतरचा लवकर गप्प होतो. तिनं गळ्यात एकही नवा रुपया ओवला नाही.

भांड्यांवर दुसरी लिपी असते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत होती, आणि चांदीवर ते बारीक टिंबांनी घातलेलं असे. वाटीच्या बुडाशी ‘चि. बाळास, मामाकडून’. ताम्हणाच्या काठावर ‘अधिक श्रावण शके १९०७’, म्हणजे १९८५ची धोंड्याची भेट. जावयाला अनारशांबरोबर दिलेली. अधिक महिना असा मोठा उपयोगी साक्षीदार आहे. नुसतं ‘अधिक श्रावण’ लिहिलं असलं तरी तो दरवर्षी येत नाही, त्यामुळे जुनी पंचांगं चाळली की मोजकीच सालं उरतात, आणि त्या सालात घरात नवा जावई कोण होता हे कोणत्याही आत्याला तोंडपाठ असतं. एखाद्या गडव्यावर नाव खरवडलेलं आढळतं. तो गहाण पडून परत आलेला, किंवा दुसऱ्याचा सुटू न शकलेला आपल्याकडे आलेला. त्याबद्दल घरात कधी कोणी बोलत नाही. तुम्हीही विचारू नका, फक्त पाहून ठेवा.

सरकारी शिक्का मात्र या कशावरही मिळणार नाही. आपल्याकडे चांदीचं हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झालं आणि तेही ऐच्छिक. त्याआधीचं सगळं सोनाराच्या शब्दावर चाललं.

आमच्या डब्यात एकच वस्तू अशी निघाली जिच्यावर सरकारी प्रमाणाचा आकडा होता, आणि ती वणीची नव्हती. धाकटा मामा मर्चंट नेव्हीत होता. भाच्याच्या उष्टावणाला चांदीची वाटी-चमचा मामानंच द्यायचा. मामाचं जहाज तेव्हा नॉर्वेत बर्गनच्या बंदरात लागलेलं. प्रवाशांसाठी तिथे गावोगावचे चांदीचे छोटे चमचे विकायला असतात, दांड्याच्या टोकाला त्या गावाचं चिन्ह मिन्यात भरलेलं. मामानं तसा एक घेतला, मुंबईला उतरल्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवला, आणि वाटी वणीच्या सोनाराकडून घडवून घ्यायला सांगितली.

टोकावर लाल मिन्यात चांदीचा किल्ला होता आणि त्याच्या खाली सोनेरी टेकड्या. ते बर्गन शहराचं चिन्ह, टेकड्या सात. आजीनं चमचा डोळ्यांजवळ नेला, टेकड्या पाहिल्या, वरचे बुरूज पाहिले आणि सांगितलं, ‘हा माहूरचा गड हाये.’ मामा समुद्रावर असला तरी रेणुकेला विसरला नाही, याचं तिला फार समाधान वाटलं. कोणी दुरुस्ती केली नाही. पुढे घरातल्या सगळ्या बाळांचं उष्टावण त्याच चमच्यानं झालं, आणि आई तो चमचा देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवायला लागली.

मागची बाजू पाहण्यासारखी आहे. दांड्यावर बारीक ठशात ‘८३० एस’, शेजारी एक झिजलेली खूण, आणि त्या दोन्हींच्या खाली आमच्या सोनारानं टिंबांनी घातलेलं ‘चि. बाळास मामाकडून’. ‘मामाकडून’ दांड्यावर मावलं नाही, म्हणून ‘डून’ वळून कडेनं वर चढलं आहे. चमच्याच्या वाटीला आतून सोन्याचा मुलामा होता. तो आता फक्त कडेला, केसाएवढ्या रेघेत उरलाय. आणि टोक डावीकडे झिजलंय. भरवणाऱ्या सगळ्या बाया उजव्या हाताच्या होत्या.

आठशेतीस म्हणजे हजारात ८३० भाग चांदी. नॉर्वेनं १८९१च्या कायद्यानं हे प्रमाण ठरवलं. ‘एस’ हे त्यांच्या भाषेतल्या चांदीचं आद्याक्षर. थोडक्यात, तो चमचा राणीछाप रुपयापेक्षा कसाला कमी आहे. आजीच्या माळेपुढे साहेबांच्या देशातला चमचा हलका ठरला हे कळलं असतं तर तिला आणखी आनंद झाला असता. असे चमचे आता परदेशी राहिलेल्या मुलांमुळे आपल्याकडेही येतात, तेव्हा दोन-तीन खुणा लक्षात ठेवायला हरकत नाही. ऑस्लोच्या डेव्हिड-अँडरसन या १८७६ पासूनच्या पेढीची खूण तराजू आहे. बर्गनच्या मारियुस हामरची खूण म्हणजे एम अक्षर आणि त्यातून आरपार गेलेला हातोडा. चमच्यावर गावाचं नाव ‘ख्रिस्तियानिया’ असेल तर तो १९२५च्या आधीचा, कारण त्या वर्षी त्या शहराचं नाव ऑस्लो झालं. आणि नुसतं ‘ई. पी. एन. एस.’ असेल तर आत जर्मन सिल्व्हर, वर चांदीचं पाणी. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी नावालासुद्धा नसते. आमच्या डब्यातली गुलाबदाणी तशीच निघाली. लग्नात ती ज्यांच्याकडून आली त्यांचा रुबाब आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो.

चमचा सराफाला दाखवला. त्यानं मशीनमध्ये धरला, आकडा पाहिला आणि म्हणाला, ‘ताई, त्र्याऐंशी टक्के हाये जी. गिलट नाई. पण मोडीत मिना वजा होईन.’ हे एक्सआरएफ मशीन क्षणात कस सांगतं. फक्त ते वरचाच थर वाचतं, त्यामुळे जाड मुलाम्याची वस्तू त्याला फसवू शकते. म्हणून जुना सोनार अजूनही आडबाजूला कानशीनं एक चरा मारतो आणि त्यावर तेजाबाचा थेंब टाकतो. हिरवा फेस आला तर गिलट, दुधासारखा पांढुरका डाग पडला तर चांदी. हा उद्योग घरी करू नये. घरी करण्यासारखी परीक्षा लोहचुंबकाची: चिकटलं तर चांदी नाही हे नक्की. न चिकटलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळही चिकटत नाही.

आता घासण्याबद्दल, कारण खरं नुकसान इथेच होतं. हल्लीच्या सुना-मुली भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून, खायचा सोडा आणि उकळतं पाणी घालून चांदी बुडवतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मिनिटात चांदी पांढरी. युक्ती खरी आहे: गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि संयुगातली चांदी जागच्या जागी परत मिळते. घासताना मात्र, मग ती टूथपावडर असो नाहीतर आमचा मेलेला चुना, काळ्या थराबरोबर थोडी चांदीही जातेच. साध्या ताट-वाटीला फॉइल उत्तम. पण सगळ्याला एकच मात्रा चालत नाही. जुन्या तोड्या-वाक्यांच्या आत लाख भरलेली असते. उकळत्या पाण्यात ती वितळून सांध्यातून बाहेर येते आणि दागिना पोकळ होऊन चेपतो. मिना म्हणजे काच. गरम-गार झालं की तडकतो, आणि बर्गनच्या किल्ल्याला वणीत पुन्हा रंग भरून देणारं कोणी नाही. मुलाम्याच्या वस्तूवर चुना-पावडर फिरवली की काही वर्षांत खालचं पितळ हसू लागतं. अशा वस्तूंना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड आणि धीर एवढंच पुरे. चिंचेनं तांब्याचा डाग निघतो, गंधकाचा काळेपणा फारसा नाही. कमअस्सल चांदी चिंचेत उकळून वरचं तांबं उतरवून पांढरी दाखवणं ही सोनारांची जुनी कला आहे, तीही ओळखून असावी.

आणि खाचांतलं काळं तसंच राहू द्यावं. अत्तरदाणीवरच्या वेलीची पानं उठून दिसतात ती त्या काळ्या रेषांमुळे. आम्ही जोर लावून कोपरे घासायला लागलो की आई म्हणायची, ‘कायले एवढं घासता रे? चांदी जाईन नं सारी, नक्षी कुठं राहीन?’ टाकांचं तर सांगायलाच नको. खंडोबाच्या टाकावर घोडा, घोड्यावर देव, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या दसऱ्यांनी झिजून आता नुसते दोन उंचवटे. ते झिजले की सोनाराकडून उजळून आणायचे, विकायचे नाहीत, ही रीत अजून बहुतेक घरांत पाळतात. पाळत नसाल तर पाळा.

आमच्या घरात शेवटी वाटे झाले. साधी ताटं, बिननावाच्या वाट्या, चेपलेले गडवे मोडले आणि पैसे चौघांत वाटले. त्यात मला वाईट वाटलं नाही. आजीनंही रुपये मोडूनच भांडी केली होती. चांदी फिरती राहावी हे तिलाही पसंत होतं. माळ बहिणीकडे गेली. चमचा धाकट्या भावाकडे, कारण तोच तो ‘चि. बाळ’, आता बासष्टचा. गुलाबदाणी कोणालाच नको होती, म्हणून माझ्याकडे आली.

तुमच्याही घरात डबा उघडला जाणार असेल तर वाटे करायच्या आधी एक दुपार मोकळी ठेवा. उजेडात बसा, भिंग घ्या, प्रत्येक वस्तू उलटी करा, बुडाशी काय आहे ते वहीत उतरवा आणि मोबाइलवर फोटो काढा. नाव असलेली वस्तू मोडण्याआधी ज्याचं नाव आहे त्याच्या घरी एकदा विचारा. पुष्कळदा ते लोक वजनाचे पैसे देऊन आनंदानं घेऊन जातात. आणि घरात एखादी आत्या, काकू, मावशी अजून असेल तर डबा घेऊन आधी तिच्याकडे जा. सराफाकडे नंतर जाता येतं. तिच्याकडे नंतर जाता येईलच असं नाही.